तीन पाळ्या, सलग

एमिल कोपचाकचं नाक चार वेळा मोडलं होतं. दोनदा मैदानावर, एकदा क्लबात आणि एकदा स्वतःच्या लग्नाच्या जेवणात. चारही वेळा त्यानं ते दोन्ही अंगठे लावून स्वतःच सरळ केलं. नाक आपलं, मोडलंही आपल्याच करणीनं, त्यात डॉक्टरचं काय काम, असं त्याचं म्हणणं.

तो कोक भट्ट्यांच्या माथ्यावर झाकणवाला होता. मोनोन्गाहेला नदीकाठच्या त्या पोलाद कारखान्यात त्रेसष्ट भट्ट्या एका ओळीत उभ्या होत्या. त्यांत दगडी कोळसा भाजून कोक निघायचा. माथ्यावरची वीट इतकी तापलेली असे की बुटांखाली लाकडी तळवे बांधूनच चालावं लागे. पहारीनं झाकण उचललं की पुरुषभर ज्वाळ वर यायची. एमिल एकोणीस वर्षं ती झाकणं उचलत होता आणि बसवत होता. कुणी झाकण तिरकं बसवलं, फटीतून धूर निघाला, तर एमिल त्याची मानगूट धरून तोंड धुराशी न्यायचा. "घे. तुझंच काम आहे. घे वास." लोक त्याच्या नावानं खडे फोडायचे. त्याच्या पाळीत झाकणं मात्र सरळ असत.

रविवारी तो कोकच्या फुटबॉल संघाचा कप्तान असे. कारखान्यातल्या पाच खात्यांचे पाच संघ होते. मैदान नदीकाठी, भट्टीतून निघणारी खडबडीत मळी पसरून सपाट केलेलं. त्यावर पडलं की गुडघ्याची कातडी तिथंच राहायची. चेंडू हातात घेऊन एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी एकमेकांवर तुटून पडायचं, असा तो खेळ. एमिल तुटून पडणाऱ्यांतला. चेंडू त्याच्या हातात चौदा वर्षांत एकदाच आला होता, तोही चुकून.

दर ऑगस्टात स्लोव्हाक क्लबात निवड व्हायची. नव्यानं भरती झालेल्यांपैकी ज्यांना खेळायचं ते भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि कप्तान आळीपाळीनं एकेकाचं नाव पुकारायचे. काम कुठल्याही खात्यात असो, खेळायचं ज्यानं पुकारलं त्याच्याकडून. पहिली पाळी गेल्या साली तळाला राहिलेल्याची, शेवटची पहिला आलेल्याची. कोकची पाळी दोन वर्षं पहिली होती, कारण दोन वर्षांत सोळा सामने खेळून सोळाही ते हरले होते. मिळालेले गडी बरे होते. आणखी दोन वर्षांत संघ उभा राहिला असता.

पण तेवढी वर्षं हातात नव्हती. सलग तीन हंगाम एकही सामना न जिंकणाऱ्या संघाचं नाव कायमचं पुसायचं, असा लीगचा नियम होता. सन १९६४चा हंगाम कोकचा तिसरा.

म्हणून त्या ऑगस्टातली निवड उरकल्यावर एमिलनं ठरवलं की ब्लास्ट फर्नेसच्या, म्हणजे लोखंड वितळवणाऱ्या झोतभट्टीच्या, संघाचा रॉइस टॉलिव्हर मागायचा. रॉइस वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणीतून आलेला. वय बत्तीस, मान आणि डोकं एकाच रुंदीचं. चेंडू घेऊन तो माणसांना चुकवत नसे, त्यांच्यातून जात असे. त्याचं आणि ब्लास्टचा कप्तान फर्ड हॉस्लर याचं पटत नव्हतं. सरावात त्यानं फर्डच्या मेव्हण्याचा जबडा मोडला होता, आणि मेव्हणा अजून नळीनं सूप पीत होता.

"डोकं भाजलंय का तुझं?" चेट दुदाश म्हणाला. चेट भट्टीच्या दारांना माती लिंपायचा आणि मैदानावर एमिलच्या उजव्या हाताला उभा राहायचा. "पुढल्या निवडीत पहिली पाळी आपली आहे. त्याच्या पुढल्या सालीही आपलीच असणार, आपण हरणारच आहोत! पोरं कुठं जमायला लागली आणि तू त्या पाळ्या देऊन म्हातारा बैल आणतोस?"

"यंदा एक सामना मारला नाही तर पुढल्या सालची पाळी कुणाला देशील? तुझ्या आजीला?"

"आजीला मध्ये आणू नकोस. तुझ्यापेक्षा जोरात पळते ती."

"मग तिला विचार, खेळते का."

"आणि बैल लंगडा निघाला तर?"

"ते बघतो मी," एमिल म्हणाला.

त्यानं रॉइसला क्लबामागच्या अंगणात नेलं, वीस पावलं दूर उभं केलं आणि सांगितलं, "ये माझ्यावर. दहा वेळा." ना शिरस्त्राण, ना खांद्याला गाद्या. रॉइस हसला आणि आला. पहिल्या धडकेत एमिल बिअरच्या रिकाम्या पिंपांवर जाऊन पडला. दुसऱ्या धडकेत ओठ फाटला. नऊ वेळा तो पडला, नऊ वेळा उठला. दहाव्या वेळी त्यानं रॉइसला कमरेला धरलं आणि दोघंही उभेच राहिले.

"दहाव्याला सैल आलास," एमिल रक्त थुंकत म्हणाला.

"दमलो ना, बाबा!"

"दम दहाव्यानंतर लागायला हवा." पण त्यानं माणूस घ्यायचं नक्की केलं होतं.

सौदा क्लबाच्या बारवर झाला. ओराव्हेक नावाचा म्हातारा बार सांभाळायचा आणि लीगचा कारभारही. त्याचा शब्द शेवटचा. फर्ड दोन्ही कोपरं टेकून बसला होता.

"टॉलिव्हर हवा?" फर्ड म्हणाला. "ने. तीन पाळ्या."

"दोन."

"तीन. आणि सलग. मधली एक सोडून, पुढची धरून, असलं चालणार नाही."

तीन वर्षांच्या पहिल्या पाळ्या. एमिलनं मनात हिशेब केला. तीन वर्षं भिंतीशी उभ्या गड्यांतला सगळ्यांत चांगला गडी फर्ड नेणार. पण चौथं वर्ष तरी हातात राहील.

"सलग तीन," तो म्हणाला आणि हात पुढे केला. फर्डनं तो बोटं चुरगळतील इतका दाबला. एमिलनंही दाबला. ओराव्हेकनं भिंतीवरच्या काळ्या पाटीवर खडूनं लिहिलं: टॉलिव्हर कोकला. ब्लास्टला तीन पाळ्या, सलग.

कोक पहिले पाच सामने हरले. सहावा ऑक्टोबरच्या तिसऱ्या रविवारी, रेल्वे यार्डच्या संघाशी. आदल्या दिवशीच्या पावसानं मळी चिकट झाली होती. यार्डवाले ठरवूनच आले होते की रॉइसचा गुडघा घ्यायचा. पहिल्याच खेपेला दोघे खालून शिरले. एमिलनं एकाच्या बरगडीत डोकं घातलं. तो माणूस कुत्र्यासारखा ओरडला आणि बाहेर गेला. दुसऱ्यानं ढिगाखाली एमिलचा कान चावला. एमिलनं त्याचं बोट उलटं वाकवलं, तुटल्याचा आवाज येईपर्यंत.

रॉइसनं चेंडू एकतीस वेळा नेला. यार्डचे तिघे उचलून न्यावे लागले. कोकच्या एकाचा दात दुसऱ्या एकाच्या कोपरात रुतला, तो पुढं डॉक्टरनं चिमट्यानं काढला. शेवटच्या चार मिनिटांत सहा गुण मागे असताना रॉइस एमिलच्या पाठीमागून निघाला. एमिलनं समोरच्याला छातीशी धरून सात पावलं मागे रेटत नेलं आणि रेषेपलीकडे आपटलं. त्याच भगदाडातून रॉइस गेला. त्याचे सहा गुण, वरच्या जादा लाथेचा एक. सात विरुद्ध सहा. चेट रडला. एमिल मैदानावर बसून डाव्या हाताची करंगळी जागेवर ओढत होता.

त्या हंगामात कोकनं जिंकलेला सामना तेवढाच. पण तेवढाच लागत होता.

नोव्हेंबर सरत आला. थँक्सगिव्हिंगच्या सणानंतरच्या सोमवारी नर हरणाच्या शिकारीचा मोसम उघडायचा, आणि त्या दिवशी या भागात प्रेतसुद्धा घरी राहत नसे. शाळा बंद, दुकानं बंद, कारखान्यात सुट्टीसाठी मारामारी. कोकची पोरं जानेवारीपासून तीन-तीन दिवसांची रजा राखून बसली होती. मंगळवारी संध्याकाळी फर्ड हॉस्लर क्लबात आला आणि एमिलच्या शेजारी बसला.

"सोमवार, मंगळवार, बुधवार," तो म्हणाला. "दिवसपाळी. सहाला. तुमचे अकरा."

"कुठं सहाला?"

"आमच्याकडे, ओतशाळेत. तीन पाळ्या, सलग. माझी टोळी डोंगरावर जाणार. फोरमनला डोकी पुरी मिळाली की नावाशी त्याला देणंघेणं नाही."

एमिल हसला. मग हसायचा थांबला. "मी तुला पुकारायच्या पाळ्या दिल्या, डच्या. निवडीच्या."

"पुकारायच्या? माझ्या संघात माणसं बसायला बाक पुरत नाहीत. मला नवी पोरं कशाला हवीत? मला हरणं हवीत! मी कामाच्या पाळ्या म्हणालो."

"तू पाळ्या म्हणालास."

"मग पाळी म्हणजे काय असतं, हंकी? कारखान्यात राबतोस की नर्सरीत?"

हंकी ही स्लोव्हाकांना हिणवायची शिवी, डच्या ही जर्मनांना. एमिलनं त्याला स्टुलासकट मागे ढकललं. फर्ड पडता पडता त्याचा सदरा धरून त्यालाही घेऊन पडला. खाली पडल्यावर दोघांनी एकमेकांना जमेल तिथं मारलं. फर्डची भुवई फुटली. एमिलच्या मांडीत काचेचा तुकडा गेला. ओराव्हेकनं बेसबॉलची बॅट बारवर आपटली तेव्हा दोघं थांबले, पण एकमेकांची गळपट्टी सोडली नाही.

"पाटीवर काय आहे?" ओराव्हेक म्हणाला. "पाळ्या. कसल्या ते नाही. मी लिहिलं, मीही गाढव. आता ऐका. फर्डनं ज्या मागितल्या त्या द्यायच्या, नाहीतर सौदाच झाला नाही. सौदा झाला नाही तर टॉलिव्हर कोकचा नव्हता. आणि कोकचा नव्हता तर यार्डवरचा विजयही नाही."

म्हणजे नाव पुसलं जाणार.

एमिल मांडीतली काच काढत बसला. काच काढता काढता त्याच्या ध्यानात आलं की फर्डला निवडीच्या पाळ्या नको आहेत. त्या तीनही कोकच्याच राहतात. पुढल्या ऑगस्टातली पहिली पाळी, त्याच्या पुढची, सगळ्या. किंमत म्हणजे फक्त तीन दिवस घाम. इतका स्वस्त सौदा त्यानं जन्मात केला नव्हता. आता तो दहा जणांना सांगायचा होता, आणि त्या दहांच्या बंदुका तेल लावून तयार होत्या.

शनिवारी सगळे कोकच्या आंघोळघरात जमले. कपडे साखळ्यांनी छताला टांगलेले, खाली ओलं सिमेंट. एमिलनं सगळं सांगितलं. शिव्यांचा पाऊस पडला.

"सौदा तू केलास," चेट ओरडला. "तू राब!"

"संघासाठी केला."

"संघाला विचारलं होतंस? माझा भाऊ ओहायोहून येतोय शिकारीला!"

एमिलनं सदरा काढला आणि भिंतीपासून दूर, मधोमध उभा राहिला. "प्रत्येकाचा एक ठोसा. तोंड सोडून कुठंही. मी पडलो तर तो माणूस डोंगरावर. नाही पडलो तर सोमवारी सहाला ओतशाळेत. मी हात उचलणार नाही."

 मग चेटनं बाही वर केली. त्याचा ठोसा बरगड्यांखाली बसला. एमिलचा श्वास गेला, पण तो उभा राहिला. "खांदा लावला नाहीस," तो कसाबसा म्हणाला.

"तुझ्या आयला तुझ्या," चेट म्हणाला आणि बाजूला झाला.

दुसरा, तिसरा. चौथ्यानं पोटात मारलं, एमिल सिमेंटवर पडला, पाणी अंगाखाली. उठला. "तू जा शिकारीला. पुढचा." सातव्यानं पुन्हा पाडला. उठायला वेळ लागला. उलटी झाली, ती त्यानं नळ सोडून धुतली.

नववा रॉइस.

"मी कशाला?" रॉइस म्हणाला. "मी तर सौद्यातला माल. मालानं स्वतःची किंमत भरायची असते का?"

"माल असशील तर जा, कोपऱ्यात उभा राहा. कोकचा असशील तर मार."

रॉइसनं मान हलवली आणि मारलं. या वेळी तो सैल आला नाही. आतलं काहीतरी मोडलं ते सगळ्यांनी ऐकलं. एमिल बाकापर्यंत घसरत गेला. बाक धरून तो उठला तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता.

"चांगला होता," तो म्हणाला. "जा."

दहावा पुढे येईना. "मी येतो सोमवारी, एमिल. मला नाही मारायचं."

"मार. नाहीतर जन्मभर सांगशील की दया केली."

त्यानं मारलं. एमिल पडला नाही.

घरी व्हेरोनानं, त्याच्या बायकोनं, चादर फाडून त्याची छाती आवळली.

"कुणी मारलं?"

"आपल्याच लोकांनी."

"का?"

"मी सांगितलं म्हणून."

"असं होय? मग मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस? मी तर वाटच बघतेय," ती म्हणाली आणि गाठ अशी ओढली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवारी सहाला ओतशाळेच्या दारात आठ जण होते. फर्ड शिकारीचा लाल लोकरी कोट घालून उभा होता. त्यानं मोजलं.

"तीन कमी. माझे तिघे अडकले, त्यात मी. सौदा मोडला, कोपचाक."

"तिघेही जा. आठ जण अकरांचं काम करतो. लोखंड यायच्या वेळेला एक जरी चर तयार नसला तर जा ओराव्हेककडे आणि पूस आमचं नाव."

फर्डनं आपल्या दोघांना जायला सांगितलं. स्वतः थांबला. हरण गेलं तरी चालेल, हे लोक हरताना बघायचे होते. तीन दिवस तो लाल कोट घालूनच आला आणि खांबाला टेकून बघत राहिला.

काम असं होतं: भट्टीचं तोंड फोडलं की वितळलेलं लोखंड जमिनीतल्या चरांतून वाहायचं. ते वाहून गेलं की चरांत गोठलेलं उरायचं. ते तापलेलं असतानाच पहारींनी आणि घणांनी फोडून काढायचं आणि पुन्हा वाळू बसवून चर तयार करायचा. चार तासांनी पुन्हा तोंड. चुकलं की लोखंड थांबत नाही.

सोमवारी चेटचा घण घसरून एकाचा घोटा फुटला. तो एका पायावर फावडं मारत राहिला. मंगळवारी उडालेल्या तापल्या तुकड्यानं एकाची पाठ भाजली. सदरा कातडीसकट निघाला. एमिल दर घणाला तोंडातून आवाज काढायचा, आणि दुसऱ्या कुणी काढला तर त्याला म्हणायचा, "श्वास कामाला लाव." सगळे चर वेळेत झाले. 

बुधवारी शेवटचं तोंड दीडला होतं. गिरमिटवाल्यानं भट्टीच्या तोंडातली माती भेदायला सुरुवात केली होती, तेव्हा एमिलला मुख्य चराच्या वळणावर काळसर डाग दिसला. दमलेल्या कुणीतरी ओली वाळू टाकली होती. ओल्या वाळूवर लोखंड आलं की ते उडतं, आणि जवळच्या सगळ्यांना घेऊन जातं.

तो फावडं घेऊन चरात उतरला आणि ओली वाळू खरवडून बाहेर फेकू लागला. फर्डनं गिरमिटवाल्याला थांबवायला हात वर केला.

"हात खाली कर!" एमिल ओरडला. "थांबवलंस की वेळ चुकली म्हणशील!"

"मरशील, हंकी!"

"मरेन. थांबवू नकोस!"

फर्डचा हात हवेत राहिला. मग त्यानं तो खाली केला, भिंतीला टेकवलेलं फावडं ओढलं आणि लाल कोटासकट चराच्या काठावर आला. एमिल ओली वाळू काढत होता, फर्ड कोरडी टाकत होता. गिरमिटाचा आवाज बदलला. चेटनं एमिलला काखेत धरून ओढलं तेव्हा लोखंड वळणावर आलंच होतं. एमिलचा डावा पाय आणि डाव्या हाताचा मोजा पेटला. पाय त्यानं जमिनीवर आपटून विझवला. मोजा काढताना तळहाताचं कातडं बरोबर निघालं. लोखंड वळणावरून शांतपणे गेलं.

फर्डच्या कोटाला सतरा भोकं पडली होती. "चर तयार होता," तो धापा टाकत म्हणाला. "वेळेत. तिसरी पाळी झाली. सांगतो ओराव्हेकला."

एमिलनं हात पाण्याच्या बादलीत घातला होता. "नाही झाली. नऊ फावडी तुझी होती."

"काय?"

"नऊ फावडी वाळू तू टाकलीस. आमची पाळी, तुझं काम. ते चालत नाही."

"कोण मोजत होतं!"

"मी."

फर्डनं चेटकडे पाहिलं. चेटनं खांदे उडवले. "माझ्याकडे नको बघू. मला हा एकोणीस वर्षं असाच मिळालाय."

भोंगा झाला. बाकीचे आंघोळीला गेले. एमिल लोखंड वाहून संपेपर्यंत थांबला, पुढच्या पाळीच्या लोकांनी चर फोडून मोकळा करेपर्यंत थांबला. मग उजव्या हातानं आणि डाव्या कोपरानं त्यानं फावडं उचललं.

"मोठ्यानं मोज," तो म्हणाला.

फर्डनं मोजलं. एक. दोन. तिसऱ्याला एमिलच्या तोंडातून रक्ताचा बारीक ओघळ आला, तो त्यानं खांद्याला पुसला. सहाव्याला फर्ड गप्प राहिला.

"सहा म्हण."

"अर्धं होतं ते," फर्ड म्हणाला.

एमिलनं वाळूकडे पाहिलं, मान डोलवली आणि पुन्हा भरून आणलं.

"सहा," फर्ड म्हणाला.

नऊ झाल्यावर फर्ड एमिलला न विचारता क्लबाकडे गेला. ओराव्हेकनं ओल्या फडक्यानं पाटीवरचा सौदा पुसला. कोकचं नाव तसंच ठेवलं.

रॉइस वसंतात मोटारीच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून डेट्रॉइटला गेला. जाताना त्यानं एमिलशी हात मिळवला. एमिलचा डावा अजूनही पुरता मिटत नव्हता. ऑगस्टात क्लबात अकरा नवे गडी भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पहिली पाळी कोकची. चेट कानाशी लागून सांगत होता की डावीकडून तिसरा घे, पळतो चांगला. एमिल त्यांच्यासमोरून दोनदा चालत गेला, प्रत्येकाचे तळहात उलटून बघितले, आणि ज्याच्या हाताला सगळ्यांत जाड घट्टे होते त्याचं नाव पुकारलं.